सागरतळीचा पाहुणा

तळेगाव ढमढेरेसारख्या देशावरच्या गावाला समुद्र घाटापलीकडचा. म्हणूनच सुटीत मालवणला जाऊन, पाठीवर हवेची टाकी बांधून सागरतळ पाहण्याची हौस आपल्या कुटुंबांनाही लागली आहे. हौस निष्पाप आहे. पण तिच्यातून एक प्रश्न उद्भवतो. पैसे मोजून जे पाहावे, त्यावर आपला हक्क किती?

प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण ती असंख्य सूक्ष्म जिवांची वसाहत असते. पायाच्या एका धक्क्याने तिची कित्येक वर्षांची वाढ मोडते. मालवणचा सागर १९८७ साली अभयारण्य घोषित झाला, तेव्हा उपजीविकेच्या धास्तीने स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला. पोटासाठी जाळे टाकणाऱ्याला संयम शिकवायचा आणि मौजेसाठी उतरणाऱ्याने प्रवाळावर उभे राहून छायाचित्र काढून घ्यायचे, हा कोणता न्याय?

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मानवाला समुद्रातील माशांवर सत्ता मिळते. दुसऱ्यात त्याच्यावर बागेची मशागत व राखण सोपवली जाते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात ही सत्ता राखणदारीच्या प्रकाशात समजून घेण्यास सांगितले आणि प्रवाळांच्या ऱ्हासाविषयी खंतही व्यक्त केली.

पाण्यात उतरणाऱ्याला तीन गोष्टी बजावतात : श्वास रोखू नये, घाईने वर येऊ नये, कशालाही हात लावू नये. पहिले दोन नियम स्वतःच्या जिवासाठी असल्याने सारेच पाळतात. तिसरा इतरांच्या जिवासाठी आहे. आपल्या श्रद्धेची परीक्षा त्या तिसऱ्या नियमापाशी होते.