साक्षीदार कोणाचा मिंधा?

सतराव्या शतकात मोठी जहाजे सुरत शहरापर्यंत येत नसत. तापीच्या मुखाशी गाळ, पाणी उथळ. म्हणून ती सुवाळीला नांगर टाकत आणि माल बैलगाड्यांतून किंवा लहान होड्यांतून शहरातल्या फुर्ज्यावर, म्हणजे जकातघाटावर, पोचे. इंग्रजांची वखार इथे 1613 सालची. त्याच काळात लंडनला थेम्स नदीवरही हेच चाले: जहाज मधोमध, त्याच्याभोवती माल वाहणारे पडाव, आणि भरती-ओहोटीच्या ओढीत एकमेकांवर आदळणे.

अशी टक्कर झाली की भांडण ॲडमिरल्टी कोर्टात, म्हणजे सागरी तंट्यांच्या न्यायालयात, जाई. तिथली रीत मला फार विचारी वाटते. साक्षीदाराला एकट्याला बसवून दोन्ही पक्षांनी आधी लिहून दिलेले प्रश्न विचारत. भरती होती की ओहोटी? वारा कुठून? नांगरावर कोण उभे होते आणि कोण सरकत आले? ओरडून सावध केले का? कारकून उत्तरे तृतीयपुरुषी उतरवी. खाली सही, नाहीतर अंगठ्याऐवजी एखादी खूण. वर नाव, वय, गाव, धंदा. आणि विरुद्ध पक्षाचा हमखास प्रश्न: पगार कोणाचा घेतोस, आणि कोण जिंकावे असे तुला वाटते?

या प्रश्नात एक मोठी कल्पना आहे. साक्षीदार खोटारडा आहे असे कोर्ट धरत नाही, पण तो कोणाचे मीठ खातो हे आधी नोंदवून ठेवते आणि मग त्याचे म्हणणे ऐकते.

आपल्याकडचा रस्ता वेगळा. मराठी महजरांवर, म्हणजे निवाड्याच्या कागदांवर, पाटलाचा नांगर आणि शेट्याचा तराजू निशाणी म्हणून उमटलेला दिसतो. म्हणजे अक्षरशत्रूचीही साक्ष कागदावर टिकली, हे दोन्हीकडे सारखेच. पण खरे बोलवून घ्यायला आपण साक्षीदाराला नदीच्या पात्रात उभे केले, प्रसंगी खुद्द पक्षकाराला तापल्या तेलातून धातूचा रवा काढायला लावला. भिस्त देवाच्या धाकावर. माणसाच्या हितसंबंधांची चौकशी करण्यापेक्षा हे सोपे होते, आणि माझ्या मते तिथेच आपण कमी पडलो.

सुरतेच्या लुटीचेच पाहा. जानेवारी 1664 मधल्या त्या दिवसांबद्दल आपण जे तपशिलाने सांगतो, त्यातले पुष्कळसे इंग्रज आणि डच वखारींच्या कागदांतले आहे. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर अँथनी स्मिथ सुवाळीहून शहराकडे येताना पकडला गेला आणि मराठ्यांच्या छावणीतले पाहून सुटून आला. तो पगारदार, वर स्वतः कैदेत पडलेला. त्याची हकीकत आपल्या सोयीची असेल तिथे आपण उचलतो, नसेल तिथे ‘इंग्रजच तो’ म्हणून झटकतो. ॲडमिरल्टीच्या कारकुनाने दोन्ही वेळा तोच प्रश्न विचारला असता.

अर्थात साक्षीदाराला हे विचारणाऱ्या इंग्रजांना न्यायाधीशाबाबत मात्र त्याचा विसर पडला. 1683 च्या सनदेने कंपनीला इकडे ॲडमिरल्टी कोर्ट थाटता आले. 1684 मध्ये डॉ. जॉन सेंट जॉन हे कायदेपंडित न्यायाधीश म्हणून आधी सुरतेला, मग मुंबईला आले. फिर्यादी कंपनी, पगार देणारीही कंपनी! सुरतेचा अध्यक्ष जॉन चाइल्ड याच्याशी त्यांचे बिनसले आणि थोड्याच वर्षांत त्यांची उचलबांगडी झाली.

पुढे टकरींच्या खटल्यांत माणसावरचा भर नियमांवर गेला. दिवे कुठले, वाट कोणी द्यायची, हे ठरले. आजचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 च्या करारातले. दोघेही चुकले तर नुकसान निम्मे-निम्मे, ही जुनी वाटणी 1910 च्या ब्रुसेल्स कराराने मोडून दोषाच्या प्रमाणात केली. 2002 पासून मोठ्या जहाजांवर प्रवासाची नोंद करणारे यंत्र सक्तीचे होऊ लागले. त्यात वेग, दिशा आणि सुकाणूघरातले बोलणेही साठते. 18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली, तेव्हा तर बोटीतल्या एका प्रवाशाच्या मोबाइलनेच ती क्षणोक्षणी जवळ येताना टिपली.

यंत्र कोणाचे मीठ खात नाही, असे आता म्हटले जाते. ते पुरते खरे नाही. नोंदयंत्राचा नियम मालवाहू जहाजांपैकी 3000 टनांवरच्यांना लागू आहे. आज तापीच्या मुखाशी हजिरा बंदर आहे. तिथे एखादे मोठे जहाज मासेमारी होडीवर आदळले, तर नोंद एकाच बाजूची, आणि ती जहाजमालकाच्या ताब्यात. होडीच्या तांडेलाकडे असते फक्त तोंडी सांगणे.

2017 च्या ॲडमिरल्टी कायद्याने असे दावे ऐकण्याचा अधिकार गुजरात उच्च न्यायालयालाही स्पष्टपणे दिला आहे. दावा तिथवर पोचेपर्यंत महिने जातात. तांडेलाचा जबाब त्याच दिवशी, त्याच्याच भाषेत, नाव-गाव-धंद्यासह लिहून घेणे सक्तीचे व्हायला हवे, आणि यंत्राची नोंद सादर करणाऱ्यालाही पहिला प्रश्न तोच विचारला जावा: पगार कोणाचा घेतोस?