यादीत नसलेले नाव



आपल्या धर्मग्रामातील आम्ही काही जण १९७५ साली एस.एस.सी. झालो. त्या वर्षी जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकाच वर्षी बाहेर पडली. आम्ही दहावीवाले. २०२५ साली या गोष्टीला ५० वर्षे झाली, म्हणून डिसेंबरमध्ये, परदेशी असलेली मंडळी नाताळला वसईत येतात त्या दिवसांत, आम्ही आमच्या जुन्या शाळेत स्नेहमेळावा भरवला. कुणी कॅनडाहून आले, कुणी पुण्याहून. बरेचसे इथेच, वाडीत आणि लोकलमध्ये आयुष्य काढलेले. बँकेतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेल्या गृहस्थांना सर्वांनी त्यांच्या शाळेतल्या टोपणनावाने हाक मारली आणि त्यांनीही लगेच 'ओ' दिली. गुडघे, साखर आणि नातवंडे हे विषय जेवणाआधीच संपले. मेळावा छान झाला. परंतु आज आपल्याशी बोलायचे आहे ते मेळाव्याच्या आधी जे घडले त्याविषयी.

२०२५ हे ख्रिस्तसभेचेही ज्युबिली वर्ष होते. पोप फ्रान्सिस यांनी २४ डिसेंबर २०२४ रोजी रोममध्ये पवित्र द्वार उघडले. ते वर्ष पुरे होण्याआधीच, २१ एप्रिल २०२५ रोजी ते प्रभूघरी गेले, आणि ६ जानेवारी २०२६ रोजी पोप लिओ यांनी ते द्वार बंद केले. आमच्या तयारीच्या बैठकीत कुणीतरी सुचवले की, आपलीही पन्नाशी आहे, तर कृतज्ञतेच्या मिस्सामध्ये लेवीयच्या पुस्तकातील पंचविसाव्या अध्यायातला ज्युबिलीचा उतारा वाचावा. पन्नासाव्या वर्षी प्रत्येकाने आपल्या वतनात, आपल्या कुळात परत जावे असे तिथे सांगितले आहे. आम्हाला ते शोभेसारखे वाटले. पत्रिकेवर छापायलाही बरे!

फादरांना विचारायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "एवढेच दोन ओळींचे वाचन नको, अध्याय पूर्ण वाचून या."

वाचला. त्यात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे आमचे कधी लक्ष गेले नव्हते. ज्युबिली हा शब्द एडक्याच्या शिंगाच्या हिब्रू नावावरून आला. ते शिंग फुंकायचे, पण कोणत्या दिवशी? नवीन वर्षाच्या नाही, कापणीच्या सणाच्याही नाही. प्रायश्चित्ताच्या दिवशी. आधी लोकांनी उपवास करायचा, पापांची क्षमा मागायची आणि मग देशभर शिंगाचा आवाज घुमायचा, मग घरची वाट धरायची. विकलेली जमीन मूळ घराण्याला परत, बंधनात पडलेला भाऊबंद मोकळा. कारण एकाचे हिरावलेले दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर पहिल्याने परत यायचे तरी कुठे?

त्या रात्री आमच्यातील एकाने दुसऱ्याला फोन केला. "आपल्या यादीत तो नाही."

यादी आम्ही निकालावरून केली होती. तो निकालात नव्हता, कारण तो परीक्षेला बसलाच नाही. निरोप समारंभासाठी वर्गाने जमवलेले ४२ रुपये कपाटातून नाहीसे झाले होते. आदल्या दिवशी वर्ग झाडायची पाळी त्याची होती. घरची परिस्थिती बेताची. एवढे पुरले. कुणी त्याला तोंडावर चोर म्हटले नाही, पण त्याच्या शेजारी बाकावर बसायचे आम्ही सोडले. त्याची आई शाळेत आली, अंडी आणि कोंबड्या विकून आणलेले पैसे टेबलावर ठेवले आणि निघून गेली. ते पैसे म्हणजे आम्हाला कबुलीच वाटली. त्यानंतर तो आला नाही.

परीक्षा झाल्यावर बाके हलवायला आम्ही चौघे गेलो होतो. कपाटाच्या फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली पैशांचे पाकीट सापडले. आम्ही ते शिक्षकांकडे दिले आणि घरी गेलो. शाळा संपली होती. त्याच्याकडे कुणीतरी जाईल असे आम्हा प्रत्येकाला वाटले असावे. पुढे प्रायश्चित्ताच्या साक्रामेंतात आम्ही रागाची, खोट्या बोलण्याची, चुकवलेल्या मिस्सांची कबुली देत आलो. हे पाकीट काही आठवले नाही.

त्याचे घर शोधावे लागले नाही. शेजारच्या धर्मग्रामात, सायकलवर वीस मिनिटांच्या अंतरावर, फुलवाडीत तो राहतो. पन्नास वर्षांत आमच्यातील लोक टोरोंटोपर्यंत जाऊन आले; ही वीस मिनिटे मात्र कापली नाहीत.

प्रभू येशूही आपल्या गावी गेला होता. नाझरेथच्या सभास्थानात त्याने यशया संदेष्ट्याचे पुस्तक उघडून प्रभूच्या कृपेच्या वर्षाविषयी वाचले (लूक ४:१६-३०). पण गावकऱ्यांनी लहानपणापासून त्याची एक ओळख ठरवून टाकली होती: सुताराचा मुलगा. शेवटी त्यांनी त्याला कड्यापर्यंत नेले. हा उतारा ऐकताना आपण नेहमी प्रभूच्या बाजूने उभे असतो. यावेळी आम्हाला त्या गर्दीत आमचे चेहरे दिसले. आम्हीही एका मुलाची ओळख ठरवून टाकली होती, आणि ती चुकीची आहे हे कळल्यावरही बदलली नव्हती.

चौघांपैकी एक आता हयात नाही. आम्ही तिघे गेलो. मेळाव्याची पत्रिका मुद्दाम खिशातच ठेवली, कारण निमंत्रण द्यायला आलो असे त्याला वाटू नये. तो ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होता. आम्हाला तो 'तुम्ही' म्हणाला. आम्ही पाकिटाची हकीकत सांगितली, माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आत हाक मारून त्याने पत्नीला बाहेर बोलावले आणि आम्हाला म्हणाला, "तेच पुन्हा एकदा हिच्यासमोर सांगा."

आम्ही सांगितले. दुसऱ्यांदा सांगणे जास्त कठीण गेले.

मग तो म्हणाला, "आईला कळायला हवे होते." त्याची आई १९९८ साली वारली. मुलाने पैसे घेतले नाहीत हे तिला माहीत होते, पण गावाला पटवून देणे तिच्या हाती नव्हते. तिने कोंबड्या विकल्या त्या त्याला शाळेत परत बसू द्यावे म्हणून. आम्ही त्याचा भलताच अर्थ लावला.

मेळाव्याला तो आला नाही. फुलांचे दिवस आहेत, असे त्याने सांगितले. नाताळात ते खरेही असते. आम्ही आग्रह केला नाही. माफी मागितली म्हणजे समोरच्याने जेवायला यायलाच हवे, असे लेवीयच्या पुस्तकात कुठे लिहिलेले नाही. ते ४२ रुपये आजच्या हिशेबाने किती होतील यावर आमच्यात थोडा वादही झाला. कोणतीच रक्कम बरोबर वाटेना. मिस्सामध्ये दिवंगत शिक्षकांची आणि सोबत्यांची नावे वाचली, तेव्हा शेवटी त्याच्या आईचे नाव घेतले आणि ते का घेतो हे सर्वांसमोर सांगितले. तिथे शंभरावर माणसे होती. संध्याकाळपर्यंत ते गावभर झाले असणार, आणि यावेळी ते व्हावे हीच आमची इच्छा होती.

येत्या शनिवारी सकाळच्या मिस्साचा हेतू आम्ही तिच्यासाठी ठेवला आहे. तो येणार आहे, असा निरोप त्याच्या पत्नीकडून आला आहे. त्या वेळच्या वर्गातील जे कुणी आपल्या धर्मग्रामात आहेत, त्यांनी जरूर यावे.