आधी वाचन, मग विश्वास

साल १८९३. कवी नारायण वामन टिळक आगगाडीने नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका युरोपियन सहप्रवाशाशी धर्मावर बोलणे निघाले आणि त्याने जाताना टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. टिळक तो वाचू लागले ते भक्त म्हणून नव्हे, शोधक म्हणून. डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच गुंतले. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मला मधली दोन वर्षे मोलाची वाटतात. वाचन चालू, शंकाही चालू. आपण उलटे करतो: आधी मन स्थिर होऊ दे, मग बायबल उघडू म्हणतो. तसे मन कुणाला मिळाले आहे? देवाच्या वचनावरचा भरवसा माणसावरच्या भरवशासारखाच, सहवासाने वाढतो. (आणि सहवास म्हणजे रविवारची धावती भेट नव्हे!)

तेव्हा आज कामाला लागण्यापूर्वी मत्तयाचा पाचवा अध्याय उघडा; टिळक गुंतले ते प्रवचन तिथेच सुरू होते. सगळा वाचायची घाई नको. जे वचन पटत नाही, तिथेच थांबा, देवाला तसे सांगा, आणि उद्या तेच वचन पुन्हा वाचा.