मान्य व कबूल नाही

‘अर्जातील मजकूर खोटा व खोडसाळ असून सामनेवाले यांस मान्य व कबूल नाही.’ तालुक्याच्या कोर्टात बावीस वर्षं वकिली करताना हे वाक्य मी किती वेळा टाइप करून घेतलं असेल, देव जाणे. सामनेवाल्याचा ‘से’, म्हणजे लेखी जबाब, त्याशिवाय पुढे सरकतच नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र एका माणसाच्या प्रकरणात माझा हात तिथेच अडला. त्याच्या परवानगीने, नावगाव वगळून लिहिते आहे.

त्याने शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेली आदेशाची प्रत काढली. घामाने शिक्का पसरला होता. कौटुंबिक हिंसाचार कायदा, कलम 23, एकतर्फी अंतरिम आदेश: पत्नीशी कुठल्याही मार्गाने संपर्क करायचा नाही, ती शिकवते त्या शाळेकडे फिरकायचं नाही. ‘‘तिचं ऐकलं, माझं कुणी ऐकलंच नाही,’’ तो म्हणाला. दुखणं खरं होतं. पण 2005 च्या या कायद्यात हे जाणूनबुजून ठेवलेलं आहे. नोटीस पोचून तारीख लागेपर्यंतचे दिवस घाबरलेल्या बाईने कुठे काढायचे? मी त्याला सांगितलं, आधी आदेश पाळायचा. फोन नाही, मेसेज नाही, मेहुण्याकडून निरोपही नाही. मोडलात तर कलम 31 खाली वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही; आणि तिची एकटीची साक्षही त्याला पुरते.

मग अर्ज वाचायला घेतला. परिच्छेद 6: गौरीजेवणाच्या रात्री ढकललं, ओट्याच्या कडेवर आपटून मनगट मोडलं. परिच्छेद 9: गाडीसाठी माहेरून दोन लाख आण म्हणत सासूने छळलं. नवव्याला तो उसळला. आई ते सबंध वर्ष पुण्याला मुलीकडे होती, डायलिसिसचे कागद होते. सहाव्याला खाली बघत राहिला. ‘‘ते झालंय, मॅडम. आषाढीला पांडुरंगापुढे नाक घासून आलोय. पण तुम्ही सगळंच नाकारा. सगळे नाकारतात.’’

‘‘आणि तिच्यापुढे?’’

त्याने आदेशावर बोट ठेवलं. संपर्काला बंदी. पण आदेश आता आला होता. मधले दहा महिने मोकळेच होते.

आमच्या बाररूममध्ये अशा वेळी कर्णपर्वातला कौशिक हमखास निघतो. सत्यवचनी तपस्वी. दरोडेखोरांनी विचारलं, माणसं कुठे पळाली? त्याने खरं सांगितलं, माणसं मारली गेली, आणि तो नरकात गेला. म्हणून अशिलासाठी थोडं खोटं चालतं, असा आमचा अर्थ. मीही तो वर्षानुवर्षं सांगितला. पण त्या गोष्टीत खोटं बोलण्याची मुभा झाडीत लपलेल्यांसाठी आहे, मागे लागलेल्यांसाठी नाही. सहाव्या परिच्छेदात पळत कोण होतं?

म्हणून त्याने बचावच करू नये, हे मला अजिबात पटत नाही. नवव्या परिच्छेदात एका आजारी बाईचं नाव आहे. हुंड्याचं असलं वाक्य कित्येकदा आमच्यासारख्याच कुणाच्या कॉम्प्युटरमधून जसंच्या तसं उतरतं. ते पाप आम्हा वकिलांचं. त्याच्या आईसाठी भांडायलाच हवं. पण सहावा परिच्छेद खोटा ठरवून नवव्यासाठी भांडलं, तर कोर्टाने त्याचं कुठलं ‘नाही’ खरं मानायचं?

अशिलाची कबुली परस्पर देण्याचा हक्क मला नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, ‘‘सहाव्यावर गप्प राहू शकता, दुसरा वकील बघू शकता. खोटं माझ्या हातून लिहून होणार नाही.’’ कबुलीचे परिणामही सांगितले: अंतरिम आदेश बहुधा कायम होईल, दवाखान्याचा खर्च आणि नुकसानभरपाई लागू शकेल. आणि ती माफ करेल, हे मनातही आणू नका. तसं कुठलंही बंधन तिच्यावर नाही.

दोन तारखा त्याने घेतल्या. तिसऱ्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी आला. परिच्छेद 6: मान्य. शाळेकडे जाणार नाही, अशी लेखी हमी. परिच्छेद 9: मान्य व कबूल नाही, सोबत कागद. टायपिस्टने दोनदा विचारलं, ‘‘मॅडम, सहाला ‘मान्य’च ना?’’

सही करताना त्याचं पेन थांबलं.

‘‘हे ती वाचेल?’’

‘‘एक प्रत त्यांच्या वकिलांना द्यावीच लागते.’’

त्याने सहावा परिच्छेद पुन्हा एकदा वाचला आणि ‘ढकलले गेले’ खोडून तिथे स्वतःच्या हाताने ‘मी ढकलले’ असं लिहिलं.