सुटकेनंतरचे फरारी

सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळून तीन आठवडेही झाले नव्हते. विमान अपहरणाची शिक्षा भोगून पाकिस्तानच्या तुरुंगातून नुकताच सुटलेला झैद सफारिनी जॉर्डनला निघाला होता. वाटेत बँकॉकला एफबीआयने त्याला उचललं. पुढे वॉशिंग्टनच्या न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला आणि २००४ मध्ये त्याला १६० वर्षांची शिक्षा झाली.

त्याचे चार साथीदार तेव्हा पाकिस्तानात गजाआडच होते. म्हणजे शोधायचं कुणाला, हा प्रश्नच नव्हता. जानेवारी २००८ मध्ये रावळपिंडीच्या अडियाला तुरुंगातून तेही सुटले, आणि मग ते फरारी झाले! फाशी सुनावलेली, तिची जन्मठेप झाली, जन्मठेपेची मोजून वर्षं भरली. पाकिस्तानच्या दृष्टीने हिशेब मिटला. एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नको, हे तत्त्व मलाही मोलाचं वाटतं. पण एका देशाचा निकाल दुसऱ्या देशाला बांधत नाही. अमेरिकेचं आरोपपत्र १९९१ पासून तयार होतं. सफारिनीचं उदाहरणही डोळ्यांसमोर होतं. तरी सुटकेच्या दिवशी पुढची तजवीज नव्हती, याला नशीब कसं म्हणायचं?

गुन्हा ५ सप्टेंबर १९८६ चा. मुंबईहून पहाटे निघालेलं पॅन अ‍ॅमचं ७३ क्रमांकाचं विमान कराचीत उतरलं होतं. पुढे फ्रँकफर्ट, मग न्यूयॉर्क. विमानतळावरच्या सुरक्षारक्षकांसारखे कपडे घालून अबू निदालच्या संघटनेचे चौघे बंदूकधारी आत घुसले. पाचवा साथीदार नंतर पकडला गेला. इशारा मिळताच वैमानिक कॉकपिटमधून निसटले आणि विमान जागीच अडकलं. पुढे अमेरिकी प्रवासी वेगळे काढण्यासाठी सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करायचं फर्मान सुटलं. हवाई सुंदरींनी पासपोर्ट गोळा केले खरे, पण अमेरिकी पासपोर्ट हळूच सीटखाली सरकवले, मिळेल तिथे दडवले. कुणाचा देश कोणता, हे बंदुकीला कळूच द्यायचं नाही, एवढं साधं शहाणपण. सोळा-सतरा तासांनी जनरेटर बंद पडला, दिवे गेले आणि अंधारात गोळ्या नि हातबॉम्ब सुरू झाले. वीसेक माणसं गेली. त्यांत या हवाई सुंदरींपैकी मुंबईची नीरजा भनोत होती. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता.

मृतांत भारतीय होते, पाकिस्तानी होते, मेक्सिकन होते. अमेरिकन दोन. तरी फरारी चौघांवर पन्नास लाख डॉलरचं इनाम लावलं ते अमेरिकेनेच. त्याबद्दल तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या माणसांसाठी ती मागे लागली. पण ज्या पासपोर्टचा भेद विमानात मिटवायला माणसं जिवावर उदार झाली, तो मेल्यावर पुन्हा उभा राहिला. आपण नीरजाला अशोकचक्र दिलं, २०१६ मध्ये तिच्यावर सिनेमा काढला, डोळे पुसले. मारेकऱ्यांपैकी एकाचं तरी नाव किती जणांना सांगता येईल? शौर्याचं कौतुक करणं सोपं. खटला लावून धरणं कंटाळवाणं, त्याला टाळ्या नाहीत.

त्या फरारी चौघांपैकी जमाल सईद अब्दुल रहीम जानेवारी २०१० मध्ये उत्तर वझिरिस्तानात ड्रोनहल्ल्यात मेल्याच्या बातम्या आल्या. खातरजमा झाली नाही. म्हणून २०१८ मध्ये एफबीआयने वाढत्या वयाचा अंदाज बांधून चौघांचे नवे चेहरे प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात तोही होता.