विचारायची भीड

मुलीला हिंजवडीत नोकरी लागली आणि आम्ही कोल्हापुरात बसून वाकडला फ्लॅट शोधू लागलो. जाहिरातींच्या ढिगात एक सापडला. दोन बेडरूम, सगळं फर्निचर, भाडं 14 हजार. त्या भागात एवढ्यात साधा वन बीएचकेसुद्धा धड मिळत नाही, हे नंतर कळलं. खरं सांगायचं तर तेव्हाही कळत होतं.

फोनवरचा माणूस लष्करात होता, म्हणजे तसं म्हणाला. जम्मूला बदली झालेली, कुटुंब सोबत, फ्लॅट रिकामा. मी न मागताच त्याने ओळखपत्राचा फोटो पाठवला. दर फोनच्या शेवटी ‘जय हिंद’. आता जय हिंद म्हणणाऱ्याला ‘लाईट बिल दाखवा’ कोणत्या तोंडाने म्हणायचं?

सोसायटीच्या गेटपासचे अडीच हजार आधी भरायचे होते, फ्लॅट बघितला की परत. भरले. मग म्हणाला, तुमचे पैसे आजच परत करतो, पण आमचा व्यवहार लष्करी खात्यातून होतो, तेव्हा आधी 1 रुपया पाठवून बघा. मी 1 पाठवला, 2 आले. माझा विश्वास त्याने असा रुपयात घेतला. पाठोपाठ क्यूआर कोड आला. स्कॅन करा, पिन टाका, लगेच जमा. पिन टाकला आणि 25 हजार गेले.

भाजीवाल्याला मी रोज असाच कोड स्कॅन करून पैसे देतो. पिन टाकला की पैसे जातात. येणाऱ्या पैशाला पिन कधीच लागत नाही. बोटांना हे पाठ होतं, पण समोरचा इतक्या अदबीने बोलत होता की मध्येच थांबून ‘असं का?’ विचारणं उद्धटपणाचं वाटलं. लोक म्हणतात, हाव नडली. हाव होतीच, नाकारत नाही. पण आजी म्हणायची ती ‘भीड भिकेची बहीण’ मला जास्त महागात पडली.

घरात सांगायला संध्याकाळ केली. मुलीने फ्लॅटचे फोटो मोठे करून पाहिले आणि म्हणाली, “बाबा, ओट्यावरचा प्लग बघा.” तीन चौकोनी भोकं. आपल्याकडे ती गोल असतात. ते स्वयंपाकघर इंग्लंड-दुबईकडचं कुठलं तरी होतं. त्या फोटोवर मी मनातल्या मनात कुकरही चढवला होता.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन केला. पैसे किती वाजता गेले, हे त्यांनी लगेच विचारलं. तक्रार लवकर झाली तर ज्या खात्यात पैसे पोचलेत तिथेच ते अडकवता येतात. पुढे ते खात्याखात्यांतून पांगतात. माझे 6 हजार तेवढे अडकले. बाकीचे, मी लाजत बसलो होतो तेवढ्यात, निघून गेले होते.

आठवड्याने ‘रिफंड मंजूर’ असा ईमेल आला. बँकेचं नाव, लोगो, सगळं जागच्या जागी. पत्ता मात्र या वेळी मी शेवटाकडून वाचला. बँकेचं नाव सुरुवातीला होतं, शेवटी भलतंच काही. सुरुवातीला नाव कुणालाही लावता येतं, घर कुणाचं ते शेवटचे शब्द सांगतात. म्हणून तर बँकांनी 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यावेत, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. एकदा फसलेल्यांकडे हे लोक परत येतात, तेही परताव्याच्या आशेवर. ईमेल पुसून टाकला.

शेवटी वाकडला जाऊनच फ्लॅट पाहिला. एक बाई एकट्या राहायच्या, त्यांचा दुसरा फ्लॅट. भाडं 27 हजार. चहा झाला आणि मी सगळा धीर गोळा करून लाईट बिल मागितलं. त्यांनी आतून आणलं. बिलावर त्यांच्या यजमानांचं नाव होतं. “मागच्या वर्षी गेले,” त्या म्हणाल्या. मी बिलाची घडी करून परत दिली, पुढचं विचारायला जीभ रेटेना.

मुलीने कप खाली ठेवला. “काकू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर झालंय का?”