बाली की लिस्बन?

आमच्या देवस्थानाच्या परिवारातील काही वडीलधाऱ्या मंडळींनी यंदा परदेशयात्रेचा बेत आखला, तेव्हा चर्चेअंती स्थळे दोनच उरली: इंडोनेशियातील बाली बेट आणि पोर्तुगालची राजधानी लिस्बन. कलिवर्ज्यात समुद्रगमनाचा निषेध आहे, याची आठवण कोणासही झाली नाही. तो वाद आजोबांच्या पिढीतच मिटला. वाद पेटला तो निराळाच. एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, "ज्यांनी आमची देवळे मोडली, त्या पाखल्यांच्या गावी आम्ही पैसे मोजून जायचे? बालीला चला. निदान घंटा तरी ऐकू येईल." बैठकीत कोणी उत्तर दिले नाही. या उद्गारात सत्यांश आहे, आणि म्हणूनच तो तपासून पाहणे आम्हांस अवश्य वाटते.

जखम काल्पनिक नव्हे. 1560 साली श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, नदीपार प्रियोळास नेण्यात आले. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. अंत्रुज महाल त्या वेळी आदिलशाहीत होता; म्हणजे आपल्या देवांस आसरा मिळाला तो एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात. हे आपण सहसा बोलून दाखवीत नाही. ज्यांनी देव खांद्यावरून वाहिले त्यांतील बहुतेकांची नावेही आपणांस ठाऊक नाहीत. अशा लोकांच्या वंशजांनी लिस्बनच्या चौकात हिंडून छायाचित्रे काढावीत काय, हा प्रश्न पोरकट म्हणून झटकता येत नाही.

बालीचे आकर्षणही खोटे नाही. तेथील बहुसंख्य लोक हिंदू आहेत, त्यांच्या त्रिसंध्येत गायत्री आहे, आणि त्यांची वर्षगणना शककालाची आहे. 2023 साली 22 मार्च रोजी आपल्या दारी शके 1945 ची गुढी उभी राहिली, त्याच दिवशी बालीतही शक 1945 सुरू झाला. पण कसा? त्या दिवसास तेथे न्येपी म्हणतात. चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, कोणी घराबाहेर पडत नाही. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद असतो. आपण तोरणे बांधतो आणि गोडधोड करतो, ते मौन पाळतात. जवळ जावे तसे हे अंतर वाढतच जाते. तेथील देऊळ म्हणजे बहुधा उघड्या आकाशाखालील प्रांगण. पद्मासन नावाचे जे उंच दगडी आसन असते, त्यावर मूर्ती नसते. ते रिकामेच असते. देव तेथे नित्य वास करीत नाही, उत्सवास उतरतो, आणि पुष्कळ देवळांत तो उत्सव दर 210 दिवसांनी येतो. नैवेद्यात डुकराचे मांस चालते. काकड आरती आणि शेजारतीच्या अपेक्षेने गेलेला आपला यात्रेकरू दुसऱ्याच दिवशी गोंधळून जाईल. घंटा मात्र खरोखरच ऐकू येईल, कारण पूजेच्या वेळी तेथील पुरोहित ती हाती धरतोच.

यात बालीचे काही उणे नाही. त्यांचा धर्म जावाच्या वाटेने त्यांच्यापर्यंत पोहोचला आणि त्यांनी तो आपल्या मातीत रुजविला. उणे आहे ते आपल्या हेतूत. आपणांस बाली पाहावयाची नसते. "पाहा, आपला धर्म कोठवर पोहोचला" असे म्हणून स्वतःलाच पाहावयाचे असते. ज्या यात्रेत यजमानाने आपल्यासारखे दिसलेच पाहिजे अशी अट असते, ती यात्रा त्या यजमानाचा अपमान होय. रिकाम्या आसनापुढे बसून ते रिकामे का, हे समजून घेण्याची तयारी असेल, तर बालीस अवश्य जावे.

आता लिस्बन. तेथील जेरोनिमुश मठाचे बांधकाम 1501 साली सुरू झाले, आणि त्याचा खर्च पूर्वेकडील व्यापारावरच्या करातून निघाला. वास्को द गामाची समाधी तेथेच आहे. दगडात कोरलेले जहाजी दोर, सागरी वनस्पती, जाळीदार कमानी. ही वास्तू सुंदर आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. सुंदर नसती तर आपले काम सोपे झाले असते.

परंतु लिस्बनजवळच काशियशचा किल्लाही आहे. सावईवेऱ्यात शिक्षक म्हणून राहिलेले मोहन रानडे 1955 साली पकडले गेले; त्यांना सव्वीस वर्षांची सजा झाली आणि पुढे या किल्ल्यातील तुरुंगात धाडण्यात आले. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, रानडे सुटले 1969 साली. त्याच किल्ल्यात सालाझारशाहीचे विरोधक असलेले पोर्तुगीजही कोंडलेले असत. एप्रिल 1974 च्या क्रांतीनंतर त्यांच्यासाठी दारे उघडली, आणि त्याच वर्षाअखेर नव्या राजवटीने गोव्याचे भारतातील विलीनीकरण मान्य केले. तेव्हा "ते" म्हणजे नेमके कोण, हे आमच्या वृद्ध स्नेह्यांनी सांगावे: देवळे मोडणारे, कोठडीचा पहारेकरी, की शेजारच्या कोठडीतील कैदी?

कोणी म्हणेल, झाले गेले विसरून जावे, क्षमा करावी. हेही आम्हांस मान्य नाही. ज्यांच्यावर प्रसंग गुदरला, क्षमा त्यांची. त्यांस विचारण्याची सोय उरलेली नाही. पण त्याच न्यायाने त्यांच्या वतीने वैर चालविण्याचे मुखत्यारपत्रही आपल्यापाशी नाही. आपल्याकडे उरते ते पाहण्याचे आणि जाणून घेण्याचे काम. साष्टीतील देवळांच्या जमिनी 1567 च्या पोर्तुगीज दप्तरात नोंदलेल्या आहेत. ते दप्तर पणजीतच असल्याने त्यासाठी विमानाचे तिकीट काढण्याचे कारण नाही. पण मोडलेल्या देवळांचा ठावठिकाणा मोडणाऱ्यांच्याच वहीत टिकला, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्यभर हेच फिरंगी कागद चाळले आणि त्यांतून मराठ्यांचा इतिहास बाहेर काढला. ते त्या कागदांना विटाळ मानीत बसले असते तर?

आणखी एक गोष्ट, थोडी कडू. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्या अनेकांनी व त्यांच्या वंशजांनी पोर्तुगीज नागरिकत्व मिळविले आहे. त्यांत आपल्या देवळांचे महाजन मुळीच नसतील असे नाही. पारपत्रासाठी लिस्बनच्या कचेरीची पायरी चढणे चालते, आणि डोळे उघडे ठेवून ते शहर पाहणे तेवढे कमीपणाचे, हा हिशेब आम्हांस उलगडत नाही.

मंडळींनी अखेर लिस्बनच निश्चित केले आहे. बाली पुढील वर्षी, न्येपीच्या सुमारास. विरोध करणारे ते वृद्ध सभासदही निघाले आहेत. त्यांची अट एकच: आधी काशियश, मठ त्यानंतर, आणि पाय दुखू लागले तर मठ राहिला तरी चालेल.